बाळासो आप्पांची रद्द झालेली डुबकी

ही गोष्ट २०२३ सालच्या मे महिन्यातली. एका सकाळी उचगावच्या दूध संस्थेच्या कट्ट्यावर, किटल्या रांगेत लावून माणसं गप्पा मारत उभी असताना, बाळासो आप्पांनी चारचौघांत सांगून टाकलं, "आमच्या घरात कुठलीबी गोष्ट अर्धी होत न्हाय. पोरगी डाइव्हमास्टर झाली म्हणूनच समजा."

पोरगी काहीही झालेली नव्हती. पोरगी त्या वेळी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, एका कास्टिंगवर भिंग धरून वाकली होती. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या लोखंडातली केसाएवढी भेग शोधायची, हे तिचं काम. नाव राजनंदिनी. घरात नंदू, आणि आप्पांच्या तोंडी नंदे.

आप्पा तिचे सख्खे चुलते. तिचे वडील फौजेत, आई त्यांच्याबरोबर आज पठाणकोट तर उद्या जोधपूर. म्हणून नंदू पहिलीपासून आप्पा आणि शालूबाई काकींच्या घरात वाढली. काकींनीच तिला पोहायला शिकवलं, घरच्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. काकी शाहूवाडीकडच्या, नदीत वाढलेल्या. पाण्यात पडल्या की त्यांचं निम्मं वय कमी व्हायचं. आप्पा मात्र त्या वेळी नेमके वैरण आणायला जायचे. आप्पांना पोहता येत नव्हतं. तालमीचे जुने पैलवान, मंडळाचे आधारस्तंभ, पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांचा श्वास अडकायचा. हे गुपित घरात सगळ्यांना माहीत होतं. ते सगळ्यांना माहीत आहे, एवढंच आप्पांना माहीत नव्हतं.

तर ही नंदू तीन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर तारकर्लीला गेली, पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरली, आणि वर आली ती दुसरीच होऊन. त्यानंतर प्रत्येक जोडून आलेल्या सुट्टीला घाट उतरून तारकर्ली. आधी पाण्याखाली श्वास घ्यायचा कोर्स, मग खोल जायचा, मग बुडणाऱ्याला वाचवायचा. पहिल्या काही खेपांना आप्पांनीच तिला मोटरसायकलवरून नेलं. ती पाण्यात असेपर्यंत ते सुरूच्या झाडाखाली समुद्राकडं पाठ करून बसायचे, आणि ती वर आल्यावर विचारायचे, "झालं एवढ्यात?"

तिथले कुबल सर कमी बोलणारे. मे महिन्याच्या सुरुवातीला होडीच्या काठावर बसून दोर गुंडाळता गुंडाळता त्यांनी विषय काढला.

"आता पुढची पायरी डाइव्हमास्टरची. आतापर्यंत तू मासे बघायला उतरत होतीस. डाइव्हमास्टर माणसं बघायला उतरतो. चार पाहुणे खाली न्यायचे, चारही वर आणायचे. मासे त्यांनी बघायचे."

"मी तयार आहे का, सर?"

"ते मी नाही सांगणार गो. तू सांग. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात शिकवणी सुरू. एकच जागा आहे आणि रत्नागिरीचा एक मुलगा रोज फोन करतो. या महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी मला सांग."

होय म्हटलं तर फाउंड्रीतली कायमची नोकरी सोडायची. पण नंदूचं घोडं तिथं अडलेलं नव्हतं. ते अडलं होतं एका समुद्रघोड्यापाशी. डिसेंबरात खडकाच्या कपारीत तिला करंगळीएवढा समुद्रघोडा दिसला होता, शेपटीनं शेवाळ धरून डुलत असलेला. ती बघत राहिली. तेवढ्यात तिच्या जोडीदाराची हवा संपत आली, तो हातभर अंतरावर खुणा करत होता, आणि हिला पत्ताच नव्हता. सरांनी येऊन त्याला वर नेलं. तिला कुणी रागावलं नाही. सर फक्त एवढंच म्हणाले, "समुद्रघोडा छान होता काय?"

ते वाक्य तिला अजून झोपेत ऐकू यायचं. ज्या बाईला हातभरावरचा माणूस दिसत नाही, तिनं चार माणसं घेऊन खाली जायचं?

जेवताना तिनं हे घरात सांगितलं. चूक झाली.

"मी अजून ठरवलं न्हाय, आप्पा. मी तयार हाय का न्हाय, तेच कळंना झालंय."

"तयार म्हंजे? मग तीन वर्सं तारकर्लीत काय झोपा काढल्यास व्हय?"

"खाली दुसऱ्यांचा जीव आपल्या हातात असतोय."

"मास्टरच करायलेत म्हंजे असणारच की. शिपाई करायलेत व्हय तुला?"

"ठरवलं न्हाय म्हणतीया ती," काकी भाकरी वाढत म्हणाल्या. "आधी जेवू द्या."

"ठरवायला काय लागतंय?" आप्पांनी तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली. "गावाला सांगून टाकायचं. गावाला सांगितलं की माणूस मागं सरत न्हाय. आपोआप ठरतंय."

या तत्त्वावर आप्पांचा फार विश्वास. त्यांचा मुलगा विश्वजित. त्यानं फौजदारकीच्या परीक्षेचा अर्ज भरला, त्याच आठवड्यात चौकात 'भावी फौजदार' असा फ्लेक्स लागला होता. परीक्षेनं त्याला दोनदा परत पाठवलं. फ्लेक्स गोठ्यावर ताणून बांधलाय, म्हशींना सावली देतो. एके काळी उचगावात कुणी काही मोठं केलं, तर शाळेच्या फळ्यावर खडूनं नाव यायचं आणि संध्याकाळच्या आत पुसलं जायचं. ते बरं होतं. पुसता यायचं.

बुधवारी संध्याकाळी कंपनीची बस चौकात थांबली, तेव्हा खिडकीतून नंदूला स्वतःचं तोंड दिसलं. दहा फूट बाय पंधरा फूट. डाइव्हिंगच्या सुटातला फोटो कुणी ओळखला नसता, म्हणून फ्लेक्सवाल्या कृष्णातनं तिचा एका लग्नातला नऊवारीतला फोटो उचलला होता, आणि शेजारी एक शार्क सोडला होता. शार्क पाहुण्यांकडचा असावा तसा हसत होता. वर मोठ्या अक्षरात: 'डाइव्हमास्टर पदी निवड झाल्याबद्दल कु. राजनंदिनी यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो.

'भावी'सुद्धा नव्हतं. आप्पांनी या खेपेला मागचा अनुभव धरून तो शब्दच काढायला लावला होता.

"पद परमनंट हाय काय कंत्राटी?" बसमधल्या एका बाईनं विचारलं.

नंदू खाली उतरली ती तोंडाला ओढणी बांधूनच.

घरी आली तर अंगणात माणसं. जोतीराम सगळ्यांत पुढं. "नंदूताई, दोर तुटून माझी पाण्यातली मोटर विहिरीत गेल्या. दिवाळीपासनं आत हाय. तेवढी काढून द्यायची." दुसऱ्याच्या सासूची कवळी रंकाळ्यात पडली होती, तीन वर्षांपूर्वी, नावेत शिंकताना. तिसरा नुसताच बघायला आला होता. त्याला वाटलं होतं शार्कपण आणलाय.

आप्पा खुर्चीत बसून सगळ्यांना वाटेला लावत होते. "रविवारी या. आमच्या विहिरीवर सत्कार आन् प्रात्यक्षिक, दोन्ही ठेवलंय. माजी सभापती येणार हाईत. सगळ्यांचं काम हुणार."

ती गोठ्यात गेली. संध्याकाळची धार काढायला आप्पा तिच्यामागून आले आणि म्हशीखाली बसले.

"आप्पा, तो फ्लेक्स उतरवा."

"उतरवला तर लोक काय म्हणतील?"

"लावलाय ते खोटं हाय. माझी कुठं निवड झाल्या?"

आप्पांनी धार काढायला सुरुवात केली. चरवीत फेस चढत गेला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "भ्यालीयास व्हय, नंदे?"

"व्हय."

"कशाला भ्यायचं? माझ्याकडं बघ. मी कधी कशाला भ्यालोय?"

नंदूनं ओठावर आलेलं उत्तर गिळलं. म्हशीनं मान वळवून आप्पांकडं बघितलं.

"तुझा बाप तिकडं बर्फात हुबा," आप्पा म्हणाले. "तुझं चांगलं झालेलं त्याला बघाय मिळत न्हाय. मग ते गावानं तरी बघावं. मी दुसरं काय करू?"

या बोलण्यापुढं तिचं काही चालेना. शेवटी तडजोड झाली. हवेची टाकी वगैरे काही नाही. ती नुसती सूट आणि पाण्यातला चष्मा घालून विहिरीत उडी मारील, चार हात मारून दाखवील, आणि बाहेर येईल. आप्पा लगेच कबूल झाले. ते इतक्या लगेच कबूल झाले, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती.

रविवारी सकाळी विहिरीवर मांडव उभा राहिला. हलगी आली. जिलेबीची कढई लागली. माजी सभापती शाल आणि नारळ मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. आप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त आणि तेवढाच जुना वैरी अमरसिंह, दूध संस्थेचा चेअरमन, पहिल्या रांगेत पाय पसरून बसला. हे दोघं चौथीपासून एकमेकांचा अपमान करत आले होते आणि एकही दिवस चुकवला नव्हता.

मग आप्पा आले.

झालं होतं असं की कुबल सरांचा एक मोठ्या मापाचा जुना रबरी सूट गुडघ्यावर फाटला होता, आणि तो उचगावच्या पंक्चरवाल्याकडून चिकटवून आणायला त्यांनी नंदूकडं दिला होता. आप्पांनी तोच चढवला. विश्वजित आणि तालमीतल्या दोघांनी अंगाला शेंगतेल चोळून, तासभर ओढून, त्यांना आत बसवलं होतं. वर गुलाबी फेटा, मधे काळं रबर, गुडघ्यांवर सायकलच्या ट्यूबची ठिगळं, खाली कापशी चप्पल. मे महिन्याच्या उन्हात त्यांच्या कोपरातून घाम ठिबकत होता. भरपूर जेवलेला पाणकावळा दिसावा, तसे ते दिसत होते.

"आप्पा, हे काय?" नंदू म्हणाली.

"तुझ्यासंगं फोटो. जोडीनं."

"बाळू," पहिल्या रांगेतून अमरसिंह म्हणाला, "कापडं लई भारी. पर हे घालून काठावर हुबं ऱ्हायचंय का आत बी जायचंय?"

आप्पांनी मांडवाकडं बघितलं. मांडव त्यांच्याकडं बघत होता.

"जाणार की. पोरीचा पहिला पाहुणा मीच."

हलगी वाजली. टाळ्या पडल्या. काकींच्या हातातला जिलेबीचा झारा तसाच राहिला. आणि त्याच वेळी एक टेम्पो मागं मागं येत विहिरीपाशी थांबला. त्यात आप्पांनी शिरोलीच्या एका वर्कशॉपमधून मागवलेलं नंदूसाठीचं खास नवल होतं: पुरुषभर उंचीचा काळा सिलिंडर, झेंडूच्या माळा घातलेला.

"आप्पा, हे वेल्डिंगचं हाय."

"ऑक्सिजनच हाय की. दवाखान्यात न्हाय व्हय लावत?"

"हे घेऊन पाण्यात गेलं तर माणूस मरतोय, आप्पा."

"मग ऱ्हायलं," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं की जणू कुणीतरी त्यांचा गळफास सोडवला. "ऱ्हायलं मग. पोरगीच न्हाय म्हणतीया."

"मग बिनसिलिंडरचा उतर," अमरसिंह म्हणाला. "पुतणीचा हात धरायचा, पायऱ्या उतरायच्या, एक डुबकी मारायची. पाच मिन्टांचं काम."

"पाच मिन्टांचं काम," मांडव म्हणाला. सभापतींनी घड्याळ बघितलं. जोतीराम मोटरीसाठी नवा दोर घेऊन पुढं सरकला.

खरं तर फार काही अवघड नव्हतं. विहीर घरची, पायऱ्या ओळखीच्या. आत पडायला तिला काही वाटत नव्हतं, आणि आप्पांना धरून एक डुबकी घालून आणणं तिच्या ताकदीबाहेरचं नव्हतं. होय म्हटलं की गाव खूश, आप्पांची पत राहिली, दुपारच्या आत सगळे घरी.

आप्पा काठावर आले. "चल नंदे. उशीर कशाला?" ते मोठ्यानं म्हणाले. आवाज खणखणीत होता, छाती पुढं होती, मिशीला पीळ होता. नंदू हे सगळं बघत होती, आणि मग तिला त्यांचे हात दिसले. काठाला पूर्वी कप्पी लावायचा एक लोखंडी खांब होता. आप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला होता. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"आप्पा, तुमाला जायचंय?"

"जायचंय म्हणतोय न्हवं?"

"मग खांब सोडा."

आप्पांनी खांबाकडं बघितलं, जणू तो कुणीतरी आत्ताच त्यांच्या हातात आणून दिलाय. "सोडतो की. तू हो पुढं."

हात सुटले नाहीत. ते तिच्या कानाशी वाकले. तोंडाला जिलेबीचा आणि भीतीचा वास येत होता. "चल की पोरी. गाव बघतंय. आता मागं कसं सरायचं?"

नंदू मांडवात गेली आणि माइक घेतला. माइक कुईकुई करून गप्प झाला.

"आज कुणी पाण्यात उतरणार नाही," ती म्हणाली. "माझी निवड झालेली नाही. मी डाइव्हमास्टर नाही. त्याचं शिक्षणसुद्धा मी अजून घेतलेलं नाही. कुणालाही पाण्यात न्यायचा मला अधिकार नाही." मग ती घरच्या बोलीत म्हणाली, "आप्पा तयार हाईत. मीच तयार न्हाय."

हलगी थांबली. जिलेबीच्या कढईतलं तूप तडतडलेलं ऐकू आलं.

"मग फ्लेक्स कशाला लावला?" मागून कुणीतरी विचारलं.

"आन् माझी मोटर?" जोतीराम म्हणाला.

चौकातल्या दहा बाय पंधराच्या तोंडावर गाव आता काय काय थापणार, ते नंदूला दिसत होतं. आप्पांकडं बघायचा धीर तिला होईना. काकींनी सगळा प्रसंग हातात घेतला. "सत्कार तरी उरका. जिलेबी गार हुतीया." सभापतींना भाषण पाठ होतं, शाल आणलेली होती, कुणाला तरी घालणं भाग होतं. ते उठले आणि त्यांनी ती जवळ उभ्या असलेल्या आप्पांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. नारळासाठी आप्पांना खांब सोडावा लागला.

"आप्पा, जरा मागं," फोटो काढणारा कृष्णात म्हणाला. "फेटा कापतोय."

आप्पा मागं सरले.

"आणखी एवढंसं."

धबाकन मोठा आवाज झाला. काठापासून पुरुषभर खाली पाणी होतं. मांडवातल्या तिसऱ्या रांगेपर्यंत थेंब आले. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग सगळ्यांना एकदमच कळलं, आणि सगळ्यांना चुकीचं कळलं. प्रात्यक्षिक सुरू झालं होतं. आधी नाही म्हणायचं आणि मग अचानक उडी टाकायची, काय कल्पना. हलगीवाल्यानं असा कडकडाट केला की वडावरची वटवाघळं उठली. गाव काठावर धावलं आणि टाळ्या वाजवू लागलं.

एकटा अमरसिंह टाळ्या वाजवत नव्हता. त्याचं तोंड उतरलं होतं, आणि तो वाकून घाईघाईनं चपला काढत होता.

नंदू त्याच्या आधी आत गेली. पाण्यात पडताना तिच्या डोक्यात एकही विचार नव्हता, फक्त आप्पा कुठं आहेत एवढंच. ते समोरच होते. उताणे, फेट्यासकट, नारळ छातीशी धरून, डोळे विस्फारून. ती शिकल्याप्रमाणं पाठीमागून गेली आणि त्यांच्या मानेखाली हात घातला.

"आप्पा, मी हाय. काय करू नका. माझ्या हातावर डोकं टेका."

"नंदे," आप्पा कुजबुजले, "मी बुडंना झालोय गं."

"बुडणार न्हाय. सूट बुडू देत न्हाय. रबरात हवा असती."

"आधी का न्हाय सांगितलंस?"

"तुमी विचारलंच न्हाय. श्वास सोडा. हळू. आणखी हळू. आता नारळ सोडा."

"सत्काराचा हाय."

"सोडा, आप्पा."

त्यांच्या बोटांची पकड एकेक करून सुटली. नारळ बाजूला तरंगू लागला. आप्पा नारळाकडं बघत राहिले, मग वर. वर गोल आभाळ होतं आणि त्याच्या कडेनं सगळ्या गावाची तोंडं. त्यांचा श्वास तिला हातावर कळत होता: आधी भात्यासारखा, मग झोपाळ्यासारखा.

"आता पायरीकडं नेते."

"थांब की," आप्पा म्हणाले. "घाई काय हाय? जरा वेळ असंच."

त्यांना वर काढल्यावर अमरसिंहनं त्यांना एक शिवी दिली, ती इथं लिहिण्यासारखी नाही. तो रडत होता म्हणून ती नीट ऐकूही आली नाही.

सूट निघेना. ओला झाल्यावर तर तो आप्पांची दुसरी कातडीच झाला. शेवटी काकींनी म्हशींचे केस कापायची कात्री आणली आणि पाठीवरून त्यांना सोलून काढलं. सोलता सोलता त्या एवढंच म्हणाल्या, "तीस वर्सं झाली. मला सांगितलं असतं तर पाठीला डबा बांधला असता."

आप्पांनी मान वळवून विचारलं, "तुला माहीत हुतं?"

"म्हशींनाबी माहीत हाय."

संध्याकाळी आप्पा एकटेच चौकात गेले, शिडी लावली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. रात्री नंदूच्या ताटात त्यांनी स्वतःच्या वाटणीची जिलेबी ठेवली. त्यांच्या भाषेत ते पुष्कळ बोलणं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नंदूनं फाउंड्रीच्या मागच्या पत्र्याच्या आडोशाला उभं राहून फोन लावला.

"बोल गो," कुबल सर म्हणाले.

"सर, पहिली गोष्ट म्हणजे तुमचा मोठा सूट कापावा लागला."

"कशानं?"

"म्हशीच्या कात्रीनं."

सरांनी ते ऐकून घेतलं. "दुसरी गोष्ट?"

"काल एकाला पाण्यात न्यायला मी नाही म्हटलं. सगळं गाव जमलं होतं. हलगी होती."

"त्याला उतरायचं नव्हतं?"

"तोंडानं चल म्हणत होता. हातानं खांब धरून ठेवला होता."

"मग?"

"मग तो पडलाच. मी आत गेले, काढलं. बरा आहे."

पलीकडं कुठंतरी होडीचं इंजिन फटफटलं आणि बंद झालं. सरांनी विचारलं, "विहिरीत मासे आहेत काय?"

"आहेत ना. काकी सोडतात," नंदू म्हणाली. "काल दिसले नाहीत. बघितलंच नाही मी."

आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. फाउंड्रीचा भोंगा झाला, माणसं आत जाऊ लागली, तरी ती फोन कानाला लावून तशीच उभी होती.

"सर, मी ऑक्टोबरात येते."

"ये. येताना सूट घेऊन ये. असतील तेवढे तुकडे."

आता पुढचं. जोतीरामची मोटर अजून त्याच्या विहिरीत आहे. तिच्यावर खेकड्यांनी संसार थाटलाय असं तो कौतुकानं सांगतो. कृष्णातनं आप्पा हवेत असतानाचा फोटो मोठा करून दुकानात लावलाय, फेटा वर, चपला वेगळ्या, नारळ घट्ट. लग्नाची कामं त्याला त्या फोटोवरच मिळतात. विश्वजितनं तिसऱ्यांदा परीक्षा दिली, तेव्हा आप्पांनी कुणालाच सांगितलं नाही, आणि तो पास झाला. सध्या नांदेडकडं आहे. अमरसिंह आजही शपथेवर सांगतो की त्या दिवशी त्यानं चपला काढल्या त्या पायाला चावत होत्या म्हणून. काकींनी त्याच पावसाळ्यानंतर, गाव उठायच्या आत, आप्पांना पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं. हात फार मारता येत नाहीत त्यांना, पण तरंगतात छान.

नंदूनं नोकरी सोडली. इतरांपेक्षा तिला जास्त दिवस लागले, एकदा तर सरांनी पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं, पण ती डाइव्हमास्टर झाली. वडील रजेवर आले तेव्हा तिनं त्यांना खाली नेऊन आणलं. गुडघे दुखतात म्हणून कुबल सर आता किनाऱ्यावरच असतात आणि होडी तिच्या ताब्यात देतात.

गेल्या जानेवारीत आप्पा तारकर्लीला गेले होते आणि हट्टानं होडीतही बसले. पुण्याची चार माणसं होती, चांगली तयारीनं आलेली. पण पाणी गढूळ झालं होतं, हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. नंदूनं खाली जाऊन बघितलं, वर आली, आणि आज कुणी उतरायचं नाही म्हणाली. त्यातला एक जण चिडला. इतक्या लांबून आलोय, पाच मिनिटं तरी न्या, एवढं काय होतंय, वगैरे. आवाज वाढला. नंदू पुन्हा नाही म्हणाली.

तेव्हा मागं फळीवर मांडी घालून बसलेल्या आप्पांनी त्या माणसाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पावणं, वाद घालून उपयोग न्हाय," ते म्हणाले. "तिनं मला न्हाय नेलं. आन् मी तिचा सख्खा चुलता हाय."